ताट आणि पंगत : गुरे, गोमांस व मराठी ख्रिस्ती जीवन



आजचा विषय चारचौघांत काढू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. गुरे, गोमांस आणि ख्रिस्ती माणूस हे तीन शब्द एकत्र आले की कुजबुज होते, चर्चा होत नाही. कुजबुजीत वाढलेला समज खरा की खोटा हे कोणी तपासत नाही, म्हणून तो पिढ्यान् पिढ्या टिकतो. मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. कामगार चळवळीत एक सवय मात्र लागते. कोणी मोठ्या आवाजात काही सांगू लागला की आधी तारीख विचारायची, मग हिशेब मागायचा, आणि शेवटी यात फायदा कोणाचा हे पाहायचे. हीच सवय आज येथे कामी आणावयाची आहे.

समज असा की, माणूस ख्रिस्ती झाला म्हणजे गोमांस खाऊ लागला. किंबहुना गोमांस खाणे हीच त्याच्या धर्मांतराची खूण. हा समज खरा असेल तर आपल्या पुणे व नगर भागाच्या इतिहासात त्याचा पुरावा सापडला पाहिजे. तो शोधू लागले की वेगळेच काही हाती लागते.

आरंभ आपल्या दारापासून करू. पिंपळे गुरव हे पवनेच्या काठचे गाव. थोडे खाली गेले की दापोडीजवळ पवना मुळेला मिळते, आणि मुळेपलीकडे खडकी. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, पेशवाई बुडाली, आणि काही वर्षांत खडकी व पुणे येथे इंग्रजांच्या छावण्या उभ्या राहिल्या. गोऱ्या शिपायाच्या रोजच्या शिध्यात पौंडभर पाव आणि पौंडभर मांस असे, आणि ते मांस बहुधा गोमांसच असे. एका पलटणीत आठनऊशे माणसे धरली तरी रोज किती जनावरे लागत असतील याचा अंदाज ज्याने त्याने करावा. ही जनावरे विलायतेहून येत नसत. ती आपल्याच गावांच्या बाजारातून, दलालांच्या हातून, कमिसरियटच्या ठेकेदाराकडे जात.

विकणारा कोण होता? आपलाच शेतकरी. त्याला दोष देण्याआधी त्याचा हिशेब समजून घ्या. देशावरच्या शेतीत बैल म्हणजे भांडवल. नांगर, कुळव, पाभर, मोट, गाडी, सगळे त्याच्या खांद्यावर. हा बैल म्हातारा झाला की दोनच वाटा उरतात. त्याला मरेपर्यंत दावणीला पोसावे, किंवा विकून आलेल्या पैशांत भर घालून नवा गोऱ्हा घ्यावा. ज्याच्या घरी कडब्याची गंज आहे तो पहिली वाट धरी. ज्याच्या घरी माणसांनाच भाकर पुरत नाही तो दुसरी धरी, आणि विकताना डोळ्यांना पदर लावणारी त्याची बायकोही त्याच हिशेबात असे. दुष्काळात तर हिशेबही उरत नसे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात चारा संपला, जनावरांचे मोल कोसळले, आणि पाऊस परत आला तेव्हा नांगराला जुंपायला बैल उरले नाहीत.

ही गोष्ट महात्मा जोतीराव फुले यांच्या नजरेतून सुटली नाही. १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात गोऱ्या शिपायांच्या पोटासाठी या देशातील गायीबैलांचा संहार होतो आणि त्यामुळे शेतकरी नागवला जातो, अशी त्यांची तक्रार आहे. येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. जोतीराव पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. मिशनऱ्यांच्या शिक्षणकार्याबद्दल त्यांच्या मनात कृतज्ञता होती, आणि ती त्यांनी लपविली नाही. तरीही गोमांसाची तक्रार करताना त्यांनी आपले बोट मिशनऱ्याकडे रोखले नाही, येथल्या ख्रिस्ती माणसाकडेही रोखले नाही. ते रोखले सरकारी लष्कराकडे. कारण त्यांचा प्रश्न सोवळ्याओवळ्याचा नव्हता, शेतीच्या भांडवलाचा होता. लष्कराचे गोमांस आणि मराठी ख्रिस्ती माणसाची भाकर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना दीडशे वर्षांपूर्वी कळले होते. आपण मात्र आजही त्यांची गल्लत करतो.

लष्कराचा गुरांशी दुसराही संबंध होता, तोही नोंदवून ठेवू. छावणीला मांस लागे तसे दूधही लागे. १८८९ साली अलाहाबादेस लष्कराचे पहिले दुग्धालय निघाले आणि पुढे देशभर अशी केंद्रे झाली. आपल्या पिंपरीचा डेअरी फार्म त्यांपैकीच. येथे गायी पाळल्या गेल्या, चारा पिकविला गेला आणि आसपासच्या गावांतील माणसांना तेथे काम मिळाले. ३१ मार्च २०२१ रोजी लष्कराची ही सारी दुग्धालये बंद झाली. डेअरी फार्म हे नाव मात्र पिंपरीत लोकांच्या तोंडी राहिले. ज्या सरकारने बैल कापले त्याच सरकारने गायी पोसल्या. दोन्हींमागे धर्म नव्हता, रसद होती.

आता धर्माकडे वळू. ख्रिस्ती धर्मग्रंथ खाण्याबद्दल काय म्हणतात? 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात पेत्राची गोष्ट आहे. पेत्र जन्माने यहूदी, खाण्यापिण्याचे विधिनिषेध काटेकोर पाळणारा. यापो गावी त्याला दृष्टांत होतो: आकाशातून एक मोठी चादर उतरते, तीत सर्व प्रकारची जनावरे, आणि ती मारून खाण्याची आज्ञा. तो नकार देतो, कारण असे निषिद्ध त्याने कधी तोंडात घातलेले नाही. गोष्ट येथे संपली असती तर ती खाण्याची गोष्ट झाली असती. पण लगेच दारात कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीची माणसे येऊन उभी राहतात. यहूद्याने ज्याच्या घरची पायरी चढू नये असा हा परका माणूस. पेत्राला तेव्हा उमगते की दृष्टांत जनावरांविषयी नव्हता, माणसांविषयी होता. कोणाही माणसाला विटाळाचा म्हणू नये, हा त्याचा अर्थ. येशू स्वतः जकातदारांच्या आणि पतित मानलेल्यांच्या पंगतीला बसे, आणि त्याच्यावर मोठा आरोप होता तो याचाच.

पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेले पत्र तर आपल्या प्रश्नाच्या फार जवळ येते. तेथे देवळातील नैवेद्याचे मांस खावे की नाही असा वाद पेटला होता. पौलाचा निवाडा दुहेरी आहे. अन्नाने माणूस देवाच्या जवळ जात नाही की दूरही जात नाही. पण माझ्या खाण्याने माझ्या भावाचे मन अडखळत असेल तर मी मांस कायमचे सोडीन. रोमच्या मंडळीला तो आणखी बजावतो की, खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये, आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये. म्हणजे गोमांस खाल्ल्याने कोणी ख्रिस्ती होत नाही, आणि न खाल्ल्याने त्याचे ख्रिस्तीपण उणे होत नाही. ग्रंथाने ताट मोकळे सोडले आणि पंगतीचा मात्र आग्रह धरला.

हा आग्रह महाराष्ट्रात काय झाला? अमेरिकन मराठी मिशनची माणसे १८१३ साली मुंबईत आली आणि १८३१ साली त्यांनी अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, ठाणे केले. तेथे १८३९ साली हरिपंत खिस्ती यांच्यासारखे ब्राह्मण ख्रिस्ती झाले. पण मंडळीची संख्या पुढे वाढली ती महार आणि मांग वस्त्यांतून. या माणसांचा गुरांशी संबंध काय होता? बाप्तिस्म्याच्या कितीतरी आधीपासून गावगाड्याने त्यांच्यावर मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम लादले होते. त्याबदली कातडे आणि मांस त्यांच्या वाट्याला येई, तेही सर्वत्र निर्वेध नाही. जिवंतपणी बैलाची पूजा एकाने करायची, मेल्यावर त्याला दुसऱ्याने ओढायचे, आणि ओढणाऱ्याला विटाळाचा ठरवायचे, अशी ही श्रमाची विभागणी होती. युनियनवाल्याच्या भाषेत सांगायचे तर काम सक्तीचे, मजुरी उष्ट्याची, आणि वर बदनामी कामगाराची.

तेव्हा नगरकडच्या एखाद्या गरीब ख्रिस्ती घरात मांस शिजले असेल, तर ते कोणा पाद्र्याने शिकविले म्हणून नव्हे. भूक धर्माच्या आधीची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मृतमांस सोडण्याची हाक दिली ती स्वाभिमानासाठी. आणि १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावर ग्रंथ लिहिताना गोमांसाचा प्रश्न त्यांनी इतिहासाच्या ऐरणीवर ठेवला. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली तेव्हा कुठे या सक्तीचा कायदेशीर पाया निखळला. ज्याला हा इतिहास ठाऊक नाही तो गरिबाच्या ताटाकडे बोट दाखवितो. ज्याला ठाऊक आहे तो आधी ते ताट कोणी वाढले, हे विचारतो.

नव्या मंडळीत बदलले ते प्रामुख्याने ताट नव्हे, बैठक. प्रभुभोजनाच्या वेळी एका भाकरीचा तुकडा आणि एक प्याला सर्वांत फिरे. ब्राह्मण घरातून आलेल्याने आणि महारवाड्यातून आलेल्याने तो एकामागून एक ओठांना लावायचा, ही शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या नगर जिल्ह्यात केवढी उलथापालथ होती! ती सगळीकडे सुखाने झाली असे नाही. जात चर्चच्या दारात चपलांसारखी काढून ठेवता येत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे सांगावयास नको. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. पुढे लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत आल्या तरी काही काळ स्वयंपाकपाण्याचे सोवळे त्यांनी सांभाळले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा झगडा मांसाशी नव्हता. पाणी कोणाच्या हातचे प्यावे, याच्याशी होता.

आपल्याच जिल्ह्यातील दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील मठातील बायकांना वाटे की आता या बाईने मांस, अंडी यांचा बाऊ करू नये. शाकाहाराचा हट्ट हा जातीच्या अभिमानाचा अवशेष आहे. रमाबाईंनी ऐकले नाही. येशूवर श्रद्धा ठेवली म्हणून आपल्या देशाच्या सात्त्विक चालीरीती का टाकाव्यात, ही त्यांची भूमिका. त्या अखेरपर्यंत शाकाहारी राहिल्या. ज्या बाईने मूळ भाषांवरून सबंध बायबल मराठीत आणले, तिच्या ताटात मांस नव्हते. आता सांगा, तिचे ख्रिस्तीपण कोणत्या मापाने उणे ठरते?

रमाबाईंचे मुक्ती मिशन दौंड तालुक्यात केडगावला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि पुढे गुजरातेतून त्यांनी अनाथ मुली व विधवा आणल्या. १९०० च्या सुमारास तेथे १५०० माणसे आणि शंभरावर गुरे होती. म्हणजे पंधरा माणसांमागे जेमतेम एक जनावर. त्या जनावरांवरच दूध, शेत आणि विहिरीचे पाणी अवलंबून. ख्रिस्ती श्रद्धा आणि गुरेढोरे यांचा आपल्या भागातील खरा संबंध पाहावयाचा तर तो येथे पाहावा. सकाळची प्रार्थना झाली की बादली घेऊन गोठ्यात जाणाऱ्या दुष्काळग्रस्त मुलींत तो होता. वसईचा ख्रिस्ती बागायतदारही रहाटाला बैल किंवा रेडा जुंपून वाडी शिंपीत आला. नगरकडच्या मंडळ्यांत सुगीनंतर आभाराची उपासना होते. तेथे शेतकरी धान्याची पाटी, भोपळा, कोंबडी वेदीपुढे आणून ठेवतात आणि नंतर त्यांचा लिलाव होतो. नाताळात घरोघर करंज्या, चकल्या, लाडू होतात आणि शेजाऱ्यांकडे फराळाची ताटे जातात. मराठी ख्रिस्ती माणसाचे रोजचे जीवन हे असे आहे. ज्याला त्यात केवळ कसाईखाना दिसतो त्याने ते घर आतून पाहिलेले नाही.

पण ख्रिस्ती सत्तेने ताटात कधीच डोकावले नाही, असे म्हटले तर ते खोटे होईल. शेजारच्या गोव्यात १५६० ते १८१२ पर्यंत, मधला थोडा काळ सोडता, इन्क्विझिशनचा अंमल होता. १७३६ च्या फर्मानाने बाटलेल्या कुटुंबांच्या हिंदू चालीरीतींवर बंदी आली. त्यात धोतर-चोळीपासून मीठ न घालता भात शिजवण्यापर्यंतच्या गोष्टी होत्या. श्रद्धा मनात आहे की नाही हे राज्यकर्त्याला दिसत नाही, म्हणून तो भातात मीठ आहे की नाही हे पाहतो! हे पौलाच्या शिकवणुकीच्या अगदी उलट होते. यातून धडा एवढाच घ्यावयाचा की, सत्ता कोणत्याही धर्माची असो, ती चुलीपर्यंत आली की धर्माचे काही भले होत नाही.

आता पुण्यातील एक प्रसंग. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. नंतर चहा-बिस्किटे आली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि शहरातील नामांकित मंडळी तेथे होती. कोणी चहा प्याले, कोणी पेला नुसता खाली ठेवला. हा मेळ जमविणारे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात फोडली, आणि पुणे पेटले. ग्रामण्य झाले, शंकराचार्यांकडे तक्रार गेली, आयोग बसला, प्रायश्चित्ते झाली. १८९२ मध्ये रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले. ध्यानात घ्या, त्या बशीत गोमांस नव्हते. चहा होता, बिस्किटे होती. गुन्हा पदार्थाचा नव्हता, संगतीचा होता. ख्रिस्ती माणसाच्या हातचे आणि त्याच्या घरात बसून घेतले, हा अपराध. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू केली ती याच रानड्यांनी. वेगवेगळ्या मताच्या माणसांनी एका मांडवात बसून ऐकावे ही त्यांची इच्छा. आणि एका मांडवात बसून चहा पिण्याची किंमत त्यांनाही चुकती करावी लागली.

आजचा कायदा काय आहे? महाराष्ट्रात १९७६ च्या पशुरक्षण कायद्याने गायीच्या कत्तलीस बंदी झाली. बैल मात्र प्रमाणपत्रावर कापता येई. १९९५ च्या दुरुस्तीला २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि मार्च २०१५ पासून बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आली. शिक्षा पाच वर्षांपर्यंतची. म्हशी-रेड्यांना ही संपूर्ण बंदी नाही. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण परराज्यातून कायदेशीर आणलेले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा मानणारे कलम रद्द केले. या कायद्याची झळ ख्रिस्ती माणसाला बसते त्याहून अधिक कोणाला बसते हेही पाहा. म्हातारा बैल घेऊन बाजारात उभा असलेला हिंदू शेतकरी, त्याचा मुसलमान गिऱ्हाईक, कातड्याचे काम करणारा दलित कारागीर, ही एकाच साखळीची कडी. कायदा चांगला की वाईट यावर आपल्यात मतभेद असतील. ते असू द्या. पण दुष्काळात भाकड जनावराचा चारा कोण देणार, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही बाजूंना द्यावे लागेल.

हे सारे मी का सांगतो? आपल्या पट्ट्यातील एका कारखान्यात, कायद्याचा गाजावाजा चालू असतानाच्या दिवसांत, एका नेवासेकडच्या ख्रिस्ती कामगाराला कँटीनमध्ये वेगळ्या टेबलावर बसायला सांगितले गेले. कारण काय, तर त्याच्या डब्यात काय असेल याचा भरवसा नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे कँटीन बंधनकारक केले. तेथे जातवार टेबले असावीत असे काही त्यात लिहिलेले नाही. आम्ही प्रश्न हाती घेतला. एका उत्साही कार्यकर्त्याने सर्वांसमक्ष त्याचा डबा उघडला. आत बाजरीची भाकरी, मेथीची भाजी आणि लसणाची चटणी. लोक हसले, सुटल्यासारखे झाले. मी त्यांना विचारले, "डब्यात दुसरे काही निघाले असते, तर तुमचा निकाल बदलला असता का? बदलला असता तर तुम्ही याला न्याय दिलेला नाही, फक्त झडती घेऊन सोडले आहे." दोन फाटकसभांनंतर ते टेबल हलले. पण दोघेतिघे त्यानंतरही आपला डबा घेऊन झाडाखाली जात राहिले, आणि तो माणूसही पूर्वीसारखा मोकळा हसला नाही.

चळवळीच्या दृष्टीने यात काय पणाला लागले आहे ते उघड आहे. जी माणसे एका टेबलावर जेवू शकत नाहीत, ती एका मागणीपत्रावर फार काळ सही करू शकत नाहीत. पगारवाढीच्या वाटाघाटीत मालकाला आपल्यात फूट पाडण्याची तसदीही घ्यावी लागत नाही. ती डब्याच्या झाकणावर आधीच पडलेली असते.

माझे सांगणे थोडक्यात इतकेच. येथे गोमांसाची मोठी मागणी उभी केली ती छावणीने. ते पुरविले दुष्काळाने आणि दारिद्र्याने, आणि त्याचा डाग मात्र लागला ज्याच्यावर मेलेले जनावर ओढण्याची सक्ती होती त्याला, आणि पुढे त्याने जो धर्म घेतला त्याला. ख्रिस्ती श्रद्धेने मराठी माणसापुढे ठेवलेला खरा अवघड प्रश्न 'काय खातोस' हा नव्हता. 'कोणाशेजारी बसून खातोस' हा होता. तो प्रश्न एकट्या ख्रिस्ती माणसाचा नाही. पंढरीच्या वाळवंटात काल्याचा घास दुसऱ्याच्या मुखी घालणाऱ्या वारकऱ्यांनाही तो ठाऊक आहे. गायीला माता मानणाऱ्याने ती भावना जरूर जपावी. शेजाऱ्यानेही तिचा मान राखावा, पौलाचा उपदेश तोच आहे. फक्त भावनेचा मान राखणे म्हणजे माणसाचा अपमान करणे नव्हे, एवढी खूणगाठ दोघांनी बांधावी. ताट ज्याचे त्याचे असते. पंगत आपली सर्वांची असते. ती मोडू देऊ नये.